झास पर्वत दर्शन

ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटाच्या सहलीचा कार्यक्रम आमच्या सहल कंपनीच्या मालकांनी, दीपक सरांनी, वाचायला घेतला, तेव्हा नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात सहलीला येणारी निफाडकडची मंडळी चहा पीत बसली होती. मी भूशास्त्रात एमएससी केलेली, या सहलीची गाईड. माझी ही पहिलीच सहल.

"तिसरा दिवस. सकाळी झास पर्वत दर्शन, मग अपिरांथोस गावातल्या संगमरवरी गल्ल्या, संध्याकाळी बंदरावर खरेदी."

"दर्शनाला किती चढायचं?" लंकाबाईंनी विचारलं. साठी ओलांडलेली, स्वतःची द्राक्षबाग सांभाळणारी बाई.

"चढायचं नाही, मावशी. बस रस्त्यावर थांबेल, फोटो काढायचे."

"मंग दर्शन कुठं झालं?"

"आपली नाशिक दर्शनची बस नाही का, तसं."

"ती बस काळारामाच्या दारात तरी उतरवती. त्यांचा झास देव ज्या गुहेत लहानाचा मोठा झाला म्हणता, ती मला आतून बघायचीय. तेवढ्यासाठीच नाव दिलंय."

"पायथ्याशी एक झरा आहे, तिथून गुहा अर्ध्या तासाच्या चढणीवर आहे," मी म्हणाले. "खरेदीची वेळ कापली तर बसतं."

"माझी खरेदी कापू नको गं," त्यांची मैत्रीण भागीबाई मागून म्हणाल्या. "हिला चढायचं तर चढू दे, मी हिच्या सुनेसाठी पर्स घेते."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "कोणी घसरलं तर? मावशी, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून-उतरून दाखवा, मग बघू."

"रविवारी कशाला? आज काय पायाला मेंदी लावलीय?"

आम्ही लगेच निघालो. सर खाली गाडीपाशी थांबले. लंकाबाई कुठेही न बसता वर पोहोचल्या. हा दगड लाव्हाचा, आणि झासचा संगमरवर समुद्रतळाच्या चुनखडीपासून झालेला, असं मी सांगितलं.

"म्हणजे डोंगराचा दगड समुद्रातला? मंग तर गेलंच पाहिजे."

उतरताना मात्र त्या कठड्याला धरून थांबल्या. डावा गुडघा थरथरत होता.

"त्या दीपकला सांगशील?"

"सांगणार. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, आणि झासवर कठडा नाही."

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "सांग. पण काय करायचं तेपण सांग."

मी सरांना दोन्ही सांगितलं: गुडघा थरथरला, डॉक्टरांना दाखवू, दोन काठ्या घेऊ, जाईपर्यंत रोज उतरण्याचा सराव करू, आणि वाटेवर मी पुढे राहीन.

"आणि तरी नाही जमलं तर?" सरांनी लंकाबाईंनाच विचारलं.

"तर वाटेवरून माघारी फिरीन. बसच्या खिडकीतून नाय."

सरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "खरेदीच्या वेळात जा. योगिनी, जबाबदारी तुझी."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. लंकाबाई आत बसल्या नाहीत. परत पायऱ्यांकडे वळल्या.

"चल पोरी. उतरायचं शिकायचं तर आधी चढावं लागंल."

"थोड्याच पायऱ्या," मी म्हणाले आणि त्यांच्यापुढे झाले.