बादलीतली गाडी

"कॅमेरा इतका उंच नको लावूस. पहिल्याच दगडाला गाडी उलटेल," लेफ्टनंट फत्ही म्हणाला.

खौलाने मान वर केली नाही. रिमोटच्या गाडीची लाल प्लास्टिकची टप तिने केव्हाच उतरवून टाकली होती. उरली होती ती चार चाकं, बॅटरी आणि मधली पट्टी. त्या पट्टीवर चपलेच्या रबराचा एक तुकडा आणि त्यावर काडेपेटीएवढा कॅमेरा. मध्ये रबर नसलं की मोटरची थरथर चित्रात उतरते आणि दगड कोणता, हाड कोणतं, ते कळेनासं होतं. कॅमेऱ्याच्या वर तिने एक छोटा दिवा बसवला आणि वजनाचा तोल साधायला मागच्या बाजूला दोन नट चिकटवले.

"साहेब, मी लग्नाच्या गाड्यांच्या बॉनेटवर फुलांत कॅमेरे बसवलेत. गाडी चालवायला नवरदेवाचा मामा असायचा. तरी एकही पडला नाही."

"नवरदेवाच्या मामाने घरात बॉम्ब पेरलेले नसायचे."

"मामींच्या हातचा भात तुम्ही खाल्लेला नाही."

फत्हीच्या मागे उभे असलेले, मलब्यातले मृतदेह शोधणाऱ्या त्याच्या पथकाचे तिघे हसले. फत्हीही हसला, मग गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ही टेप? कितव्यांदा लावतेयस तीच टेप?"

"मोसुलची आहे मी, चिक्कूच असणार. चिकटते तोवर ती नवीच."

गल्लीत थोडी सावली होती. तिथे एका उलट्या क्रेटवर उम्म जर्जीस बसली होती. ती हसली नाही. तिच्यासमोरच्या घराचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला होता आणि अंगणाचं दार मलब्याने बुजलं होतं. शाबूत होती ती दाराची राखाडी संगमरवरी चौकट आणि गल्लीच्या पातळीवरचा तळघराचा झरोका. गल्लीच्या तोंडाशी खोदाईचं मोठं यंत्र उभं होतं. त्याचा चालक त्याच्याच सावलीत बसून टरबूज खात होता.

घर उम्म जर्जीसच्या मुलीचं होतं, हदीलचं. लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात हदीलचा नवरा पाणी आणायला म्हणून बाहेर पडला आणि परतला नाही. हदील तळघरात थांबली होती. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नव्हतं. पथकाचा नियम सरळ होता. आत माणूस आहे असं चित्रात दिसलं तर बॉम्ब निकामी करणारे येणार आणि हातांनी खणणार. नाही दिसलं तर यंत्र सगळं सपाट करून मलबा नदीकाठी नेऊन टाकणार. या गल्लीची पाळी आज होती.

पथकाकडे स्वतःची गाडी आणि स्वतःचा कॅमेरा होता. उम्म जर्जीसने तो नाकारला होता.

"बाईने चालवायची गाडी," ती सकाळी फत्हीला म्हणाली होती. "आधी बाईने बघायचं."

"खाला, इतक्या महिन्यांनंतर हाडांना कसला पडदा?" फत्ही बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"तिच्या लग्नात बायकांच्या दालनात तुला घेतलं असतं का रे मी? मग आज कसं घेऊ?"

फत्हीला स्वतःला तीन बहिणी होत्या. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे. पण शेवटी चित्र मला बघावंच लागेल खाला. माझ्या माणसांनाही. न बघता मी कुणाला आत पाठवू शकत नाही."

आणि मग उम्म जर्जीसने खौलाला बोलावून घेतलं होतं. आमच्या मोसुलमध्ये बायकांच्या दालनातलं लग्न बाईच टिपते. तिथे बायका केस मोकळे सोडतात, नाचतात, घाम पुसतात. नवरदेव आत येणार असला की दारातूनच मोठ्याने अल्लाचं नाव घेतो. मग सगळ्या ओढण्या शोधतात, आणि टिपणारी बाई कॅमेरा जमिनीकडे वळवते. शेवटची ओढणी डोक्यावर चढेपर्यंत तो वर उचलायचा नाही, ही या धंद्याची पहिली शिकवण. चित्रफीत एकच निघते आणि ती नवरीच्या आईच्या हातात जाते. खौलाने वीस वर्षं हेच केलं होतं. काळ्या झेंड्याच्या राजवटीत चित्रं टिपणं गुन्हा होता, तेव्हा तिने कॅमेरे पिठाच्या डब्यात पुरले होते. ते बाहेर काढल्यावर लग्नं राहिली नव्हती. मग तिने हे काम धरलं. लोक आपल्या घरात पाऊल टाकण्याआधी तिची गाडी आत फिरायची.

"हदीलचं लग्न तूच टिपलं होतंस ना?" उम्म जर्जीसने विचारलं.

"हो खाला."

"तुझं मात्र कुणी टिपलं नाही."

"माझ्या लग्नात कॅमेरा कुणी धरला असता? मला कुणाचंच काम पसंत पडलं नसतं."

म्हातारीच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला एकच सांग. तिचं डोकं झाकलेलं आहे का, तेवढंच. बाकीचं नको."

खौलाने गाडी पत्र्याच्या बादलीत ठेवली. बादलीची एक बाजू कापून उघडी केलेली होती. दोरीने बादली झरोक्यातून सोडली, ती तळाला टेकून कलंडली, आणि गाडी चालत बाहेर पडली. खौला झरोक्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली. डोक्यावरून घेतलेल्या काळ्या, पायघोळ अबायाचा एक पदर पुढे ओढून तिने फोनवर अंधार केला. बाहेरच्या कुणालाही फोनचा पडदा दिसत नव्हता.

चित्र क्षणभर मागून येतं. म्हणून गाडी थोडी पुढे न्यायची, थांबायचं, बघायचं आणि मग पुन्हा पुढे न्यायची. पाण्याचे रिकामे डबे दिसले. गादी दिसली. मग पुढच्या कमानीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक बारीक चमक दिसली आणि खौलाचा अंगठा थांबला. बॉम्बला जोडलेली तार होती. बसवलेला कॅमेरा तारेच्या बोटभर खालून गेला असता. तिने गाडी पुढे नेली. गाडी गेली.

कमानीपलीकडे हदील होती.

सूर्यफुलांच्या छापाचा घरातला झगा, भिंतीकडे तोंड, आणि जमिनीवर पसरलेले केस. बाकी सगळं बदललं होतं, केस बदलले नव्हते. त्या केसांत मोगऱ्याची फुलं माळताना खौलाने जवळून चित्र घेतलं होतं. हदील तेव्हा ओरडली होती, 'खौला, माझे कान नको गं, कान मोठे आहेत माझे!' तळघरात उकाडा असणार. घरात कुणी नव्हतं. ओढणी कशाला घेईल?

खौलाने गाडी वळवली, तारेखालून परत आणली आणि बादलीत चढवली.

"आहे का?" फत्हीने विचारलं.

"पुन्हा जावं लागेल. दिवा चुकीच्या बाजूला पडतोय, चित्र काळं आलंय. आणि कमानीत तार आहे. सगळ्यांनी कोपऱ्यामागे व्हा."

"तार आहे? मग पुन्हा कशाला जायचं?"

"काळ्या चित्रावर तुम्ही माणसं पाठवाल?"

फत्हीने हाताने खूण करून सगळ्यांना मागे नेलं. उम्म जर्जीस क्रेटवरून उठली. आपण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आलेलं नाही, हे तिला कळलं होतं.

खौलाने पहिली चित्रफीत पुसून टाकली. मग अबाया डोक्यावर घट्ट धरून, त्याच्या आतल्या आत, आपली ओढणी सोडवली. पातळ, काळी, रोजची ओढणी. तिच्या दोन टोकांना कागदी टेपचा एकेक तुकडा लावून तिने ती गाडीच्या मागे जोडली. लग्नाच्या गाड्यांवर ती हीच टेप वापरायची. ताण पडला की ती सुटते आणि रंग खरवडत नाही. कॅमेरा तिने आणखी खाली बसवला. ओढणी वर उचलली जाऊन तारेला लागली तर या गल्लीत हदीलचं काहीच उरणार नव्हतं. झरोक्याशी बसलेल्या बाईचंही.

गाडी तारेखालून गेली. मागे ओढणी घसटत होती, ती चित्रात दिसत नव्हती. खौला मनातल्या मनात तिची लांबी मोजत होती. कमान गेली असेल. आता शेवट गेला असेल. मागची ओढणी डोक्यावरून ओढली जाईल अशी तिने भिंतीच्या बाजूने गाडी केसांच्या पलीकडे नेली, वळवली आणि एकदम पुढे काढली. एक टोक सुटलं. दुसरं सुटेना. मोटर घरघरली. तिने गाडी जराशी मागे घेतली, पुन्हा पुढे ओढली. मग चित्र अचानक हलकं झाल्यासारखं पुढे धावलं.

तिने गाडी फिरवली. सगळं झाकलं गेलं नव्हतं. पण केस आणि चेहरा ओढणीखाली होते, आणि सूर्यफुलं दिसत होती. आता तिने टिपायला सुरुवात केली.

काम झाल्यावर गाडी मागे निघेना. ओढणीचा एक धागा मागच्या आसाला गुंडाळला गेला होता. जोर लावला असता तर ओढणी परत सरकली असती. खौलाने रिमोट जमिनीवर ठेवला. दिवा चालूच होता.

फत्हीने फोन दोन्ही हातांत धरून चित्र बघितलं. त्याच्या माणसांनीही बघितलं. मग एक जण गल्लीच्या तोंडाकडे चालत गेला. थोड्या वेळाने यंत्राचा चालक उठला, त्याने टरबुजाचं साल फेकलं आणि यंत्र मागे घेतलं.

"झाकलेली आहे खाला," फत्ही म्हणाला. "नीट झाकलेली आहे."

"माझीच मुलगी ती," उम्म जर्जीस म्हणाली. "मला माहीत होतं."

फत्हीने फोन परत दिला. "आणि गाडी? मोसुलची बाई गाडी आत सोडून आली?"

"बॉम्बवाले काढतील. फुकटात," खौला म्हणाली. फोन घ्यायला तिने डावा हात पुढे केला. उजव्या हाताने तिने अबाया हनुवटीखाली आवळून धरला होता.

उम्म जर्जीसने त्या हाताकडे बघितलं. मग फोनच्या पडद्याकडे बघितलं. काळी ओढणी तिथे अजून उजेडात होती.

मग ती जवळ आली. आपल्या डोक्यावरच्या पांढऱ्या कपड्यातली टाचणी तिने काढली आणि खौलाची बोटं एकेक करून बाजूला सारली. तिने अबायाच्या दोन्ही कडा हनुवटीखाली जुळवल्या आणि टाचणी लावली. ती नीट बसली नाही, म्हणून काढून पुन्हा लावली.

"वारं सुटलंय," ती म्हणाली.

गल्लीत पडक्या छतावरून लोंबणारं प्लास्टिक जराही हलत नव्हतं.