नोराचं कालवण

“चाखून बघ की,” नोरा खुर्चीतून म्हणाली. “मिठाचं मला इथून काय कळणार?”

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. चाखणार नाही, पण मीठ चुकणार नाही, असं तिला सांगितलं.

पातेल्यात बीफ होतं. वसुबारसेला अजूनही गाय-वासराची रांगोळी काढणारी मी, आयर्लंडमधल्या स्लायगोत शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिच्यासाठी हे कालवण शिजवत होते. साताऱ्याला असताना असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसण्यावारी नेलं असतं.

नोराचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. माझी मुलगी पूर्णिमा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. हे गेल्यावर तिने मला इकडे आणलं आणि दिवसभर मी घरात एकटी. पहिल्याच आठवड्यात नोराने दार वाजवलं, मला बसचा थांबा दाखवला, लायब्ररी दाखवली, आणि इथल्या वाऱ्यात छत्री नेण्याचा वेडेपणा करू नकोस म्हणून बजावलं. ती जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पिढ्यान् पिढ्या पोरांना जेवू घातलेली बाई.

हिवाळ्यात ती मागच्या अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नाही. तयार जेवणाचे डबे घरी यायचे, ते तसेच केरात जायचे. कपडे अंगावर लोंबायला लागले. मुलगा डेक्लन डब्लिनला असतो. तू जेवत नसशील तर वृद्धाश्रम बघावा लागेल, रविवारी येतो, बोलू, असं तो फोनवर म्हणाला होता. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता.

“मला माझंच कालवण हवं,” नोरा मला म्हणाली होती. “पण चमचा धरवत नाही.”

“मग तू सांग. हात माझे,” मी म्हटलं, आणि बोलून बसले.

पूर्णिमाने मला दोनदा विचारलं, आई, नक्की ना? मीच करून देते, असंही म्हणाली. पण तिच्या हातचा वरणभात नोराने एकदा खाल्लेला असल्यामुळे तो विषय तिथेच संपला.

तर त्या रविवारी नोरा खुर्चीतून हुकूम सोडत होती. मांस आधी कोरडं करून घे, सगळं एकदम घालू नकोस, पाणी सुटेल. मी चिमट्याने तुकडे उलटत होते. सुरुवातीला वास सोसवेना, तोंडाने श्वास घेत राहिले. मग कांदा पडला, आणि कांद्याचा वास कुठल्याही घरात कांद्याचाच असतो. गाजरं घातली, तमालपत्र घातलं, पाणी ओतून आच अगदी मंद केली.

“न चाखता रांधणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय,” ती म्हणाली.

मग मी तिला सासूबाईंबद्दल सांगितलं. देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक करताना कुणी चाखायचं नाही. पहिला घास त्याचा. मुद्दाम वास घेतला तरी त्या रागवायच्या. त्यांच्या हाताखाली माझी चिमूटच मीठ ओळखायला शिकली.

नोराने झाकलेल्या पातेल्याकडे बघितलं.

“म्हणजे आज देव मी?”

“आजच्यापुरतं चालवून घ्यायचं.”

“ग्रँड,” ती म्हणाली. “पण या देवाला मिरपूड जास्त लागते.”

बटाट्यांऐवजी भात हा मात्र माझा हट्ट. आजारातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे मऊ भात देतात. भात म्हणजे दूध-साखर घालून खायची वस्तू, असं ती बराच वेळ कुरकुरली.

दोन-अडीच तासांनी मांस चमच्याने तुटायला लागलं. मी तिला भातावर कालवण वाढलं. तिने चमचा उचललाच नाही. ताटाकडे बघत नुसती बसून राहिली.

“तू उभी का?” तिने विचारलं.

तेव्हा कुठे मला ते डबे केरात का जायचे ते कळलं. शाळेत मुलं उठली की ती मदतनीस बायकांबरोबर जेवायला बसायची, घरी नवरा होता तोवर त्याच्याबरोबर. एकटीने जेवायचं तिला माहीतच नव्हतं.

मी एका वाडग्यात मऊ भात घेतला, वर मीठ आणि इथलं पिवळंधमक लोणी घातलं, आणि तिच्यासमोर बसले. तिने डाव्या हाताने चमचा उचलला.

“मीठ बरोबर आहे,” बऱ्याच वेळाने ती नाइलाजाने म्हणाली. “गाजरं फार मोठी चिरलीस.”

आम्ही सावकाश जेवलो. तिने दोनदा मागून घेतलं. पातेलं तसं लहानच होतं.

डेक्लन आला तेव्हा ती पावाच्या तुकड्याने ताट पुसत होती. तो कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मोठ्या तयारीने आला असावा. आईच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी त्याने एवढंच विचारलं, मला आहे का थोडं?

“संपलं,” नोरा म्हणाली. “बुधवारी परत करणार आहोत आम्ही. तेव्हा ये.”

बुधवारचं मलाही तेव्हाच कळत होतं. मी मान डोलावली.

त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला, ओट्याशी गेला, आणि आमच्याकडे पाठ करून, उभ्या उभ्याच, पातेल्याच्या तळाला लागलेलं चमच्याने खरवडून खायला लागला.