चरबीत गुदमरलेली जाळी

मित्रांनो, नाक दाबून का होईना, पण घटकाभर माझ्याजवळ थांबा. मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. मंगोलियातल्या एका गावाचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जिथे शिरते, त्या तोंडाशी मी उभी आहे. चिंध्या, केस, पोरांची खेळणी, एकदा तर कुणाची कवळीसुद्धा मी अडवली आहे. माझ्या पलीकडच्या हौदांत पाणी शुद्ध होते आणि मगच नदीला मिळते.

मी नवी होते तेव्हा गावाने इथल्या रीतीप्रमाणे मान म्हणून माझ्या गजांना निळे रेशमी वस्त्र बांधले, दूध शिंपडले. एक म्हातारबुवा म्हणाले, "ही आपल्या नदीची राखणदार!" मी केवढी फुगले होते! पुढे माझा कचरा उपसणारे यंत्र मोडले आणि ते दुरुस्त करायला कोणी फिरकले नाही. आता त्सेरेनखंद नावाची बाई लांब दंताळ्याने मला खरवडते. ती मला शिव्या देते, पण तिच्याखेरीज माझी विचारपूस करतो कोण?

तिची म्हातारी आई नदीच्या खालच्या अंगाला तंबूत राहते. हिवाळ्यात तिकडे रोज नदीचा बर्फ फोडून आणतात आणि तो वितळवून त्याचाच चहा करतात.

यंदा कडाक्याची थंडी पडली आणि घरोघर हिवाळ्यासाठी मेंढ्या कापल्या गेल्या. इथे नदीत रक्त सांडणे, आतडी धुणे म्हणजे पाप. पूर्वीच्या बायका ती नदीपासून लांब माळावर धूत. पण आता गाव इमारतींत राहायला गेले, तिथे चौथ्या मजल्यावर माळ कुठला? सगळ्यांनी न्हाणीघरात आतडी धुतली, रक्त आणि कढत चरबी मोरीत ओतली आणि नदी वाचवली म्हणून समाधानाने हात पुसले.

ती चरबी वाटेत गारठली आणि माझ्यावर थापली गेली. माझे गज दिसेनासे झाले. मागे पाणी चढू लागले. त्सेरेनखंद सकाळपासून गरम पाणी ओतून मला खरवडत होती. एक थर निघाला की दुसरा हजर. माझा जीव गुदमरला होता, मित्रांनो, आणि मला ओरडताही येत नव्हते.

पंपांवर काम करणारा दाशन्याम धावत आला.

"ताई, पाणी पंपांच्या खोलीत शिरतंय! बाजूचं दार उघडतो, जाऊ दे सगळं नदीत."

"उघडून तर बघ, हात मोडीन तुझा! खाली माझी आई आहे."

"ठाऊक आहे गं. तिच्या हातचा चहा मीपण प्यायलोय. पण पंप बुडाले तर अख्खा हिवाळा घाण नदीतच जाईल!"

एवढ्यात समोरच्या इमारतीतली नोरोव्सुरेन तावातावाने आली. "त्सेरेनखंद, आमची मोरी तुंबलीय. तुम्ही लोक झोपा काढता काय?"

"मोरीत काय ओतलंस?"

"आतड्यांचं पाणी. मग काय नदीत ओतू? मला नाही बाई पाप लावून घ्यायचं!"

त्सेरेनखंदने दंताळ्यावर चरबीचा गोळा उचलून तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ तुझं पुण्य! मोरी कुठे जाते, वाटलं तुला? इथे येते. आणि इथून नदीत."

नोरोव्सुरेनचा चेहरा पांढरा पडला. तिने बाह्या सारल्या आणि बादली उचलली. दोघी रडत रडत मला खरवडू लागल्या. पण पाणी काही उतरेना. शेवटी त्सेरेनखंदच मान खाली घालून म्हणाली, "उघड."

दार उघडले. गावाची सगळी घाण बर्फाखाली नदीत शिरली. राखणदार म्हणवणारी मी नुसती बघत राहिले.

त्सेरेनखंदने तिथेच उभी राहून आईला फोन लावला. म्हातारी मोठ्याने बोलते, मला सगळे ऐकू आले.

"आई, आजपासून नदीचा बर्फ आणू नकोस."

"का गं? नदी रुसली का?"

"नाही. आम्हीच तिच्यात घाण सोडली."

म्हातारी म्हणाली, "बरं पोरी. मग चहा कशाचा करू?"

मित्रांनो, माझे गज आता मोकळे झाले आहेत, पण म्हातारीचा तो प्रश्न अजून माझ्या गजांत अडकून आहे. मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. मोरीत काही ओतण्याआधी एवढेच आठवा, की नदीकाठी एक म्हातारी रिकामे भांडे घेऊन बसली आहे.