एकतिसाव्या पानावरची ओळ

मी एक जुनी शिकवणीची पुस्तिका आहे, मित्रांनो. ब्याण्णव पानं, तारेची बांधणी, कव्हरवर चहाच्या कपाची दोन वर्तुळं. माझ्यामुळे एका बाईचं जे नुकसान झालं ते आता कुणाच्या बापाला भरून देता येणार नाही. तेच सांगते.

जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात मी जन्मले. तिथं छतापर्यंत खोके होते आणि कोणत्या खोक्यात काय आहे, ते हातानं लिहिलेल्या सूच्या सांगत. त्या सूच्या संगणकावर न्यायच्या होत्या. नुसतं टाइप करून भागत नाही. हे नाव, ही तारीख, हा खोका, अशी प्रत्येक गोष्टीला संगणकाला कळेल ती खूण लावावी लागते. नवशिक्यांना हे जमावं म्हणून थोरल्या बाईंनी मला लिहिलं. एकतिसाव्या पानावर त्यांनी एक अख्खी तयार सूची नमुना म्हणून छापली आणि तिची फाइलही सगळ्यांना दिली. ती एका डॉक्टरच्या खासगी कागदांची होती. त्यात रोग्यांची गुपितं होती, म्हणून शेवटी ओळ होती : 'हे कागद साठ वर्षे वाचकांसाठी बंद.'

शिकणाऱ्यांनी मला डोक्यावर घेतलं. त्यांतल्या एकीला सगळे तुफान म्हणत, इतका तिचा हात चाले. ती नमुन्याची नक्कल करी, डॉक्टरचं नाव पुसून दुसरं घाली, तारखा बदली, की झाली सूची. "पहिली तीस पानं सासूबाईंसाठी, एकतिसावं आपलं," असं ती शेजारच्या टेबलाला सांगे. सासूबाई म्हणजे थोरल्या बाई. सगळे हसत. मीही फुगले.

शेवटची ओळ मात्र कुणी पुसली नाही. एका बालगृहाच्या नोंदवह्यांची सूची त्या ओळीसकट संगणकात गेली.

मग एक शिवणकाम करणारी बाई आली. साठीला टेकलेली. दोन वर्षांची असताना आईनं तिला त्या बालगृहात ठेवलं होतं, पुढं ती दत्तक गेली. आता छप्पन्न वर्षांनी निरोप आला होता, की आई आजारी आहे, एकदा येऊन जा. तिला बालगृहातल्या मुलांना भेटायला येणाऱ्यांची वही बघायची होती.

"ती एकदा जरी मला बघायला आली असेल ना, तर जाईन. नसेल आली, तर मला आई नाही."

टेबलावर बसलेल्या तुफाननं संगणकाच्या पडद्याकडं बघितलं. बंद आहे मावशी, म्हणाली, साठ वर्षांची मुदत आहे.

"म्हणजे अजून चार वर्षं? ती चार महिने काढायची नाही."

नियम आहे, मावशी.

मी त्याच टेबलावर होते. माझ्यावर पाण्याचा ग्लास ठेवलेला. मला तोंड नाही, ही सबब मी देणार नाही. जे बोलायचं ते मीच बोलून बसले होते, छापून. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तेच ऐकून गेली, आणि आईकडं गेली नाही.

तीन महिन्यांनी थोरल्या बाईंच्या लक्षात आलं, की नाटकाच्या जाहिरातीसुद्धा साठ वर्षं बंद आहेत. मग सगळं उकरलं गेलं. शिवणवाल्या बाईंना बोलावून वही समोर ठेवली. आई वर्षभरात नऊ वेळा आली होती. शेवटच्या तारखेपुढं लिहिलं होतं : 'मूल दत्तक दिल्याचे सांगून परत पाठविले.'

बाईंनी नऊच्या नऊ तारखांवर बोट फिरवलं.

"तिला जाऊन दोन महिने झाले," त्या म्हणाल्या.

तुफान रडत म्हणाली, की पडद्यावर तसंच दिसत होतं.

"आणि ही वही तेव्हा कुठं होती?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

तुफाननं मागच्या मांडणीकडं हात केला. खुर्चीपासून वीस पावलं.

"मग उठली का नाहीस गं?"

 

मित्रांनो, नमुना म्हणजे दुसऱ्याच्या कागदांची गोष्ट. ती आपल्या कागदांवर चिकटवू नका. मी लिहिलेली प्रत्येक ओळ खोक्यातल्या कागदाशी ताडून बघा, पटली नाही तर खुशाल खोडा, मला लाज वाटणार नाही. समोर माणूस उभा असेल तर उठा. नऊ वेळा येऊन शेवटी हाकललेली एक आई त्या वहीत होती, आणि तिच्या लेकीला आम्ही दोनदा हाकललं.