घंटीची रिकामी ओळ

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पण माझं शरीर दर वेळी नवं असतं. इंदूरच्या एका लहान कंपनीतल्या कॉम्प्युटरवर मी फाइल होऊन राहतो. कॉम्प्युटरच्या 'सी' भाषेतला प्रोग्राम बांधण्याआधी प्रत्येक यंत्राला विचारतात, तुझ्यात पंखा आहे का, घंटी आहे का? उत्तरं माझ्या रिकाम्या ओळींत भरली, की प्रोग्रामला त्या यंत्राची ओळख पटते. ज्याची ओळच नाही, त्याचं उत्तर वाऱ्यावर जातं.

मला जनरेटर नावाचा एक प्रोग्राम घडवतो. माणसांनी लिहिलेली मूळ फाइल वाचून तो मला पुन्हा लिहितो आणि आधीचा मी पुसला जातो. म्हणून माझ्या कपाळावरच लिहिलेलं असतं, 'इथे हाताने लिहू नका.'

कंपनीतल्या पंढरीनाथजींनी तरीही लिहिलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्याचा प्रोग्राम ते करत होते. घाईत त्यांनी घंटीची ओळ माझ्यातच टाकली. "मूळ फाइलीत नंतर टाकू," म्हणाले. नंतर आलंच नाही, ते वारले. तेव्हापासून ऑफिसात रीत पडली. जनरेटर चालवला, की ती ओळ हाताने परत लिहायची. का, ते कोणी विचारलं नाही. गेलेल्या माणसाचं पान वाढावं तशी ती ओळ वाढली जायची.

एकदा जनरेटर नेहमीसारखा कुरकुरला, 'मूळ फाइलीत घंटीची ओळ सापडत नाही.' नवा आलेला जयेश त्यालाच म्हणाला, "भिया, ये तो रोज का है!" आणि चहाला गेला. ओळ लिहायची राहून गेली.

तिच्या जागी काही नव्हतं, तरी मला तिथे दुखत होतं. मानपूरच्या दवाखान्यातल्या पाळण्यासाठी उत्तर आलं, 'घंटी आहे.' ते माझ्यात जागा शोधत फिरलं. जागा नव्हती. प्रोग्राम मात्र बांधून झाला. बांधताना चूक कुठेच दिसली नाही.

त्या पाळण्यात सुनीताबाईंची मुलगी होती. दुपारी ऊब बंद पडली. घंटी आहे, हे प्रोग्रामला माहीतच नव्हतं, म्हणून ती मुकीच राहिली. सुनीताबाईंना डुलकीतून जाग आली, त्यांनी सहज मुलीच्या पावलांना हात लावला, तर पावलं गार. त्या ओरडल्या, नर्स धावली, मुलगी वाचली.

जयेशची वरिष्ठ स्वानंदी मानपूरला गेली. सुनीताबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घंटी आहे, असं सांगितलं होतं ना, ताई? तिच्याच भरोशावर मी डोळा मिटला होता."

परतल्यावर जयेश खाली मान घालून म्हणाला, "अभी टाकतो ती ओळ, स्वानंदीजी."

"हाताने नको. पंढरीनाथजींना आता सोड."

तिने मूळ फाइल उघडली. तिथे ओळीसोबत कारणही लिहावं लागतं. तिने लिहिलं, 'पाळणा गार पडला तर आईला उठवण्यासाठी.'

आता प्रत्येक जन्मी ती ओळ, त्या कारणासकट, माझ्याबरोबर येते. पण तेव्हा जागा न मिळालेलं ते उत्तर अजून माझ्याभोवती फिरतं. 'घंटी आहे, घंटी आहे,' म्हणतं. त्याला मी कुठे बसवू?

मित्रांनो, ज्याच्या भरोशावर कुणी डोळे मिटणार आहे, ते काम नंतरवर टाकू नका.