साबणाच्या पाण्यातली किल्ली

वाफ्यातली मूठभर माती तिने दाबून पाहिली. गोळा झाला नाही; माती बोटांतून भुरुभुरु निसटली. रोपांनी माना टाकल्या होत्या. आज पाणी मिळालं नाही तर उद्या उपटून टाकायचीच.

"जा आणि खडसाव त्याला," तिची जाऊ बांधावरून म्हणाली. "किल्ली काय उशाशी घेऊन झोपलाय? नाही तर मी येते. माझं तोंड सुटलं की साथ परवडली म्हणेल."

"तुझं तोंड राहू दे इथेच. रोपांवर सावली धर."

पाटावर चार शेतं, पाणी सोडायची चार दारं, चारही कुलपांना एकच किल्ली. आपलं भिजवून झालं की ती पुढच्याच्या हातात द्यायची, समोरासमोर. उंबऱ्यावर ठेवून जायचं नाही. म्हणजे 'मला मिळालीच नाही' म्हणायला कुणाला जागा नको. पहिलं शेत शिंप्याचं, शेवटचं तिचं. शिंप्याची बायको साथीत गेली, त्याला सतरा दिवस झाले. तेव्हापासून किल्ली त्याच्याकडेच होती. मागायला कुणी जात नव्हतं. नावं मात्र सगळे ठेवत होते.

वाटेत तिने भांडणाची वाक्यं जुळवली. मग त्याचं शेत लागलं आणि तिची चाल मंदावली. जमिनीला भेगा पडल्या होत्या. दाराच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं.

ओट्यावर बसलेला शिंपी तिला पाहताच उठून आत सरकला.

"वहिनी, तिथेच थांबा."

"भाऊजी, तुमचंही भिजवलं नाहीत?"

"भिजवलं की किल्ली पुढे द्यावी लागते." त्याने हात पाठीमागे घेतले. "याच हातांनी तिचं सगळं केलं. आता कुणाच्या हातात काय देऊ?"

ती उलट पावली घरी गेली, बादलीभर पाण्यात साबण किसून ढवळला आणि बादली त्याच्या ओट्यापासून चार पावलांवर आणून ठेवली.

"आधी तुमचं भिजवा. मग किल्ली यात टाका. पुढचा यातून काढून घेईल. समोरासमोरच, फक्त लांबून."

"चालेल लोकांना?"

"पाणी दिसलं की चालेल."

ऊन कलताना तिसऱ्या शेतातले आजोबा बादली घेऊन तिच्या बांधावर आले. बादली ठेवून मागे सरले. तीन घरं फिरून आलेलं पाणी गढूळ असणार असं तिने धरलं होतं. हात घातला तर ते स्वच्छ होतं. कोमटसुद्धा.

"दुसऱ्या शेतवाल्याने पाणी बदलून नवा साबण घातला," आजोबा म्हणाले. "मी नुसतं गरम केलं. गार पाण्यात माझी बोटं आखडतात."

सकाळी रोपं उभी होती. पाळी पुन्हा पहिल्या शेताची. तिने ताजं कढत पाणी विसण घालून बेताचं केलं आणि बादली ओट्यापाशी ठेवून ती चार पावलं मागे झाली.

या वेळी शिंपी आत सरकला नाही. बाह्या वर करून त्याने दोन्ही हात पाण्यात घातले. किल्ली केव्हाच हाताला लागली असणार. तरी त्याने हात लगेच बाहेर काढले नाहीत.

तिने घाई केली नाही.