पालथा हात

बाबांच्या कारखान्यात विजेच्या कामाचे नवे नियम आले, तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते मला. चालू लाइनवर काम बंद. आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, मीटर लावून खात्री करायची आणि मगच तारेला हात.

"म्हणजे करंट आहे का बघायला आता अर्जच करायचा!" बाबा हसले. "आमचा मीटर हा." आणि पालथा हात पुढे केला.

जुन्या वायरमनची ती खोड. तळवा लावला तर बोटं तार आवळून धरतात. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो, म्हणे. बाबा आमच्याकडेच राहतात. घरातही सगळं ते तसंच तपासायचे: फ्रिज, इस्त्री, माझ्या ठमीच्या आंघोळीचं पाणी, तिचा ताप. बघून बघून तीन वर्षांची ठमीही बाहुलीला, दुधाच्या पेल्याला, माझ्या गालाला पालथा हात लावायची. "आई, गरम नाई!" आम्हाला कोण कौतुक!

रविवारी बाबा हॉलमधला सॉकेट बदलायला बसले. झाकण काढलेलं, तारा बाहेर.

"बाबा, मेन?"

"एका सॉकेटसाठी अख्खं घर कशाला बंद पाडायचं? तू म्हणजे ना, उपजतच भित्री."

मी आत गेले. पण जीव राहीना, तशीच मागे फिरले. बाबा पाठमोरे, पिशवीत स्क्रू शोधत होते. ठमी भिंतीपाशी होती. तिचा पालथा हात तारांना लागणार, एवढ्यात मी तिला खेचलं. ती भोकाड पसरून रडायला लागली.

"तुमचा तो हात तिच्यापासून लांब ठेवा!" मी बाबांवर ओरडले.

मला खोड म्हणायचं होतं. तोंडातून 'हात' असं निघालं.

बाबांनी उठून मेन पाडला, पेटीला पिशवीतलं लाल कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मीटर दोनदा लावून पाहिला. सॉकेट बसवता बसवता पुटपुटले, "कारखान्यातल्या पोरांनाही मीच शिकवलंय, पालथा हात लावायला."

तेव्हापासून ते ठमीशी गप्पा मारतात, तिला हसवतात. हात मात्र खिशात. मी दहादा म्हटलं, "बाबा, रागात गेलं हो तोंडातून." ते म्हणतात, "अगं, बरोबरच बोललीस की."

काल संध्याकाळी ठमी तापली. सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "आजोबा, बघा ना."

बाबा वाकले. हात तिच्या कपाळापर्यंत गेला, थबकला आणि परत खिशात शिरला.

"थर्मामीटर आण गं."

"लावा ना हात, बाबा."

"नको. मीटरनेच बघू."

मी कपाटाकडे वळले. मागून ठमीचा आवाज आला. तिने स्वतःचाच पालथा हात कपाळावर ठेवला होता.

"गरम आहे, आजोबा."

बाबांनी मान फिरवली.